म्हाताऱ्या कुत्र्याचा थायरॉईड आणि सांधे कसे सांभाळावेत

आमचा मोती दहाव्या वर्षी जिना चढेना. लॅब्राडॉर तो, त्यात बेळगावातल्या वडगावच्या घरात सगळीकडे चकचकीत टाइल्स. आम्ही म्हटलं, वय झालं. खाणं तेवढंच असून वजन ३१ किलोवरून ३६ वर गेलं, तेव्हा कुठे शंका आली.

आधी घरीच नीट बघा. खाणं न वाढता वजन वाढतंय, दिवसभर झोप, सारखं ऊन शोधत बसणं, दोन्ही कुशींवर केस विरळ, शेपटी उंदरासारखी बोडकी, कानाचा किंवा कातडीचा त्रास पुन्हा पुन्हा, यात थायरॉईड कमी पडत असल्याचा संशय घ्यावा. उठताना अवघडणं, चार पावलं टाकल्यावर मोकळं होणं, एकच सांधा चाटत राहणं ही सांधेदुखी. मोतीला दोन्ही होतं. चालण्याचा व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यात बिचकलेलं कुत्रं लंगडायचंच विसरतं. (डॉक्टर कन्नडमध्ये बोलायचे, आम्ही मराठीत, मोती दोन्ही भाषांत ऐकत नव्हता.)

मग रक्त तपासा. नुसत्या टी-४ वर (थायरॉईड ग्रंथीच्या हार्मोनचा रक्तातला आकडा) विसंबू नका. दुसरं कुठलंही आजारपण असलं, स्टेरॉईड किंवा फिटची गोळी चालू असली, तरी तो आकडा खाली येतो. सोबत टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) आणि फ्री टी-४ (रक्तात मोकळा असलेला टी-४) करून घ्या. आपल्या भागात मुधोळ कुत्री पाळणारे बरेच आहेत, त्यांनी तर जास्तच जपावं. ग्रेहाउंड, सलुकी अशा सडपातळ शिकारी जातींत टी-४ ठणठणीत असतानाही कमी दिसतो, आणि मुधोळ त्याच घडणीचा. एका आकड्यावरून जन्मभराची गोळी सुरू होऊ देऊ नका.

गोळी लिव्होथायरॉक्सिनची, म्हणजे कमी पडणारं थायरॉईडचं हार्मोन भरून काढणारी, माणसं घेतात तीच, पण डोस बघून मेडिकलवाला चिठ्ठी दोनदा वाचतो. माणसाला दिवसाला साधारण १०० मायक्रोग्रॅम पुरतात. कुत्र्याची सुरुवात बहुधा किलोमागे २० मायक्रोग्रॅम, तीही दिवसातून दोनदा. कुत्र्याच्या अंगात हे औषध कमी शोषलं जातं आणि लवकर निघून जातं. डोस डॉक्टरच ठरवतील, हृदयाचा त्रास असेल तर कमीपासून. घरातल्या कुणाच्या डब्यातली गोळी अंदाजाने देऊ नका. रोज त्याच वेळी द्या, आणि रिकाम्या पोटी की जेवणासोबत हे एकदा ठरवलं की बदलू नका. महिना-दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासा, गोळी दिल्यावर ४ ते ६ तासांनी. खूप धाप, तहान, बेचैनी दिसली तर डोस जास्त झालाय, लगेच फोन करा.

सांध्यांसाठी सगळ्यात मोठं औषध म्हणजे वजन उतरवणं, आणि थायरॉईड ताळ्यावर आल्याशिवाय ते उतरत नाही. भाकरी मोजून द्या. कुंद्याचा (आपल्या खव्याच्या मिठाईचा) घास बंद, आजी कितीही रुसल्या तरी.

वेदनाशामक डॉक्टरांनी दिलेलंच, आधी मूत्रपिंड-यकृताची तपासणी करून, आणि पोटात काहीतरी घालून. आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक असली घरातली गोळी कधीच नाही. एका दुकानात मला ‘अर्धी द्या, काही होत नाही’ असं सांगितलं होतं. होतं, पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं बिघडतात. स्टेरॉईड चालू असेल तर तेही आधी सांगा. उलटी किंवा काळी शी दिसली की गोळी थांबवा आणि डॉक्टरांना कळवा.

घरात गोणपाट किंवा जाड चटया अंथरा, विशेषतः वळणावर आणि ताटलीपाशी. नखं कापा, पंजातले केसही, नाहीतर टाइल्सवर पाय फाकतात. एकदाच लांब फिरवण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं तीनदा. आपल्याकडचा पावसाळा मोठा. अंग कोरडं करा, ओल्या फरशीवर झोपू देऊ नका, जुनी घोंगडी घडी करून द्या.

गोळी सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत मोती पेपरवाल्यावर भुंकायला लागला. शेपटीला केस यायला मात्र चार महिने लागले.