नव्या विहिरीआधी परत जाणारं गरम पाणी वापरा

भूऔष्णिक (जमिनीतल्या उष्णतेवर वीज करणाऱ्या) केंद्राची क्षमता वाढवायची म्हटली की पहिली मागणी नव्या विहिरींची होते. ती शेवटी ठेवावी. विहिरीतून आलेली वाफ आणि पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधून वाफ टर्बाइनकडे जाते आणि १६० अंश सेल्सिअसचं पाणी तसंच जमिनीत परत सोडलं जातं. वाढीव वीज आधी तिथे शोधायची. न्यूझीलंडच्या वैराकेईत १९५८पासून वीज तयार होते; तिथे २००५मध्ये बायनरी संच जोडला गेला, म्हणजे गरम पाण्याने कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव उकळवून त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवणारा संच.

सेकंदाला १०० किलो पाणी १६० वरून १०० अंशांवर आणलं तर सुमारे २५ मेगावॅट उष्णता हाती येते. निव्वळ वीज दहा टक्के धरा, म्हणजे अडीच मेगावॅट.

मात्र १०० पर्यंत उतरता येईल का, हे सिलिका ठरवते; खडकातून पाण्यात विरघळलेलं हे खनिज पाणी थंड झालं की पाइपांवर थर धरतं. बडोद्यात रिफायनरी-पेट्रोकेमिकलच्या कामांत मुरलेल्यांचा अंदाज इथेच चुकतो. फाउलिंग फॅक्टर (थर बसेल म्हणून डिझाइनमध्ये ठेवलेली सूट) जरा वाढवून हे निभत नाही. जमिनीखालच्या २५० अंशांच्या साठ्यात किलोमागे साधारण ४८५ मिलिग्रॅम सिलिका विरघळलेली असते. वीस टक्के पाण्याची वाफ झाली की उरलेल्यात ती ६०५ होते. थर होऊन बसते त्या अस्फटिक सिलिकेची विद्राव्यता १६० अंशांना ६८०, १०० अंशांना जेमतेम ३६०. म्हणजे १४८ अंशांखाली थर धरण्याचा धोका सुरू. तुमच्या पाण्याचे आकडे वेगळे असतील, म्हणून नमुना दाबाखाली घ्या आणि लगेच डिस्टिल्ड पाण्याने पातळ करा. नाहीतर बाटलीतच सिलिका गोठते आणि प्रयोगशाळेचा आकडा फसवा कमी येतो.

उपाय म्हणजे सल्फ्युरिक आम्ल देऊन पीएच (आम्लतेचं माप; कमी म्हणजे जास्त आम्ल) ५च्या आसपास ठेवणं. त्याने सिलिका नाहीशी होत नाही, फक्त थर बसायला उशीर होतो. तेवढ्यात पाणी पुनर्भरणाच्या (ते जमिनीत परत सोडण्याच्या) विहिरीत पोचलं पाहिजे. पीएच ४.५च्या खाली गेला तर साधं पोलाद खाल्लं जातं. आम्ल पाइपच्या मध्यभागी सोडा, भिंतीलगत नको. पाण्याचा पंप थांबला की डोसिंग पंपही आपोआप थांबेल असं इंटरलॉक हवंच.

हीट एक्स्चेंजरमध्ये हे खारं पाणी ट्यूबमधून आणि पेंटेन (बायनरी संचातला सहज उकळणारा द्रव) शेलमध्ये, म्हणजे ट्यूबभोवतीच्या कवचात, घ्या. ट्यूब सरळ हव्यात, यू-ट्यूब नकोत. थर काढायला उच्च दाबाचा जेट आरपार गेला पाहिजे. १६० अंशांच्या पाण्याचा निरपेक्ष दाब ६.२ बारखाली गेला की ते उकळतं, म्हणून पंप सेपरेटरच्या बऱ्याच खाली बसवा. पेंटेनची वाफ हवेने थंड करून परत द्रव करणाऱ्या कंडेन्सरचा आकार प्रत्यक्ष जागेच्या हवामानावर काढा. बडोद्याच्या मे महिन्याच्या सवयीने ४४ अंश धरले तर थंड प्रदेशात तो विनाकारण अवाढव्य होतो.

पुनर्भरणाची विहीर उत्पादन विहिरीला फार जवळ असली तर थंड पाणी फटीतून तिथे पोचतं आणि तापमान घसरतं. आधी नॅप्थॅलीन सल्फोनेटची ट्रेसर चाचणी करा, म्हणजे हे रसायन पुनर्भरणाच्या विहिरीत सोडून ते उत्पादन विहिरीत कधी आणि किती येतं ते पाहा. दुसऱ्या टोकाला, परत काहीच न सोडल्यास साठ्याचा दाब पडतो. कॅलिफोर्नियाच्या गीझर्स या भूऔष्णिक क्षेत्रामध्ये वाफ आटत गेल्यावर १९९७ आणि २००३मध्ये शहरांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणावं लागलं.

इतकं करूनही वीज कमी पडली तर नव्या विहिरी घ्या, पण टप्प्याटप्प्याने. प्रत्येक टप्प्यानंतर निरीक्षण विहिरीतला दाब स्थिरावेपर्यंत थांबा. पुनर्भरणाचा प्रवाहही हळूहळू वाढवा. आइसलँडच्या हेलिशेइदी केंद्रात २०११मध्ये नव्या क्षेत्रात पाणी सोडायला लागल्यावर जाणवण्याजोगे भूकंप झाले होते.