केशरोपणासाठी इस्तंबूलला जाताना
इस्तंबूलला जाऊन केशरोपण करून घ्यायचे ठरले असेल, तर तिकीट काढण्याआधी मुंबईतच त्वचारोगतज्ज्ञाकडून टाळू तपासून घ्यावी. कारण गळती चालू असताना रोपण केले, तर रोपलेले केस टिकतात आणि भोवतालचे मूळचे केस मात्र विरळ होत जातात. पॅकेजमध्ये हॉटेल कोणते आहे, यापेक्षा कातडीला छेद डॉक्टर घेणार की तंत्रज्ञ, हा प्रश्न महत्त्वाचा असून त्याचे उत्तर लेखी मागावे. ‘हवे तितके ग्राफ्ट’ (म्हणजे मुळांसकट काढून रोपायचे केसांचे बारीक पुंजके) या आश्वासनाला भुलू नये, कारण डोक्याच्या मागच्या भागातला साठा मर्यादित असतो आणि तिथून काढलेला केस त्या जागी पुन्हा उगवत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधीच सांगावे.

सामानात पुढून बटणांचे सैल शर्ट ठेवावेत, कारण डोक्यावरून टी-शर्ट ओढताना ताजे ग्राफ्ट निसटू शकतात. शस्त्रक्रियेचा तपशील आणि औषधांची यादी इंग्रजीत घेतल्याशिवाय निघू नये. पुढची तपासणी शेवटी इथल्याच डॉक्टरांकडे होणार आहे.

परतल्यावर निदान १० दिवस गर्दीची लोकल टाळावी. संध्याकाळच्या विरार गाडीत वरची कडी धरलेल्या माणसाचे कोपर नेमके आपल्या कपाळाशी येते! पुढे २ ते ८ आठवड्यांत रोपलेले केस गळू लागतात, तेव्हा घाबरू नये; मुळे आत शाबूत असतात, नवे केस साधारण चौथ्या महिन्यापासून दिसू लागतात आणि पूर्ण परिणामाला वर्षभर लागते.