विहिरीतला डिझेलचा तवंग कच्च्या कापसाने काढा

काठावरच्या इंजिनातलं डिझेल विहिरीत सांडलं की पाण्यावर तवंग पसरतो. तो काढायला घरातला कच्चा कापूस पुरतो.

१. उपसा लगेच थांबवा. पाणी खाली गेलं की तेल कडेच्या दगडांना चिकटतं आणि पुढे कित्येक दिवस सुटत राहतं.
२. कांद्याच्या जाळीदार गोणीत अर्धा किलो सरकी काढलेला कापूस सैल भरा. दाबून भरला तर आतला कोरडाच राहतो.
३. दोन दोर बांधून, समोरासमोरच्या काठांवरून गोणी पाण्यावर हळूहळू ओढा.
४. जड झाली की वर घ्या, डब्यात पिळा, पुन्हा सोडा. तवंगाचे रंग दिसेनासे होईपर्यंत हेच.

औषधाच्या दुकानातला कापूस इथे अजिबात नको. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, म्हणून तो तेल धरतो, पाणी नाही. दुकानातल्या कापसाचं मेण धुतलेलं असतं. तो पाणी पिऊन बुडतो. साबणाची पूडही टाकू नका, तेल फुटून पाण्यात मिसळतं आणि मग निघत नाही.

वाफ आत साचते, त्यामुळे विहिरीत उतरू नका. तपासणी होईपर्यंत ते पाणी माणसांना नको, जनावरांनाही नको.