गव्हाच्या ओळींतील अंतर आणि बियाण्याचे प्रमाण कसे ठरवावे

खानदेशात गव्हाची पेरणी कधी होणार, हे बहुतेक शेतांत कपाशी ठरवते. मका किंवा सोयाबीन निघालेल्या रानात नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी साधते, पण कपाशीचे रान मोकळे होईपर्यंत डिसेंबर उजाडतो. म्हणून ओळींतील अंतर आणि बियाणे पेरणीच्या तारखेशी जोडूनच ठरवावे.

बागायती गहू 1 ते 15 नोव्हेंबरदरम्यान पेरत असाल तर एकरी 40 किलो बियाणे आणि दोन ओळींत 20 ते 22.5 सेंटिमीटर अंतर योग्य ठरते. 15 डिसेंबरपर्यंत लांबलेल्या पेरणीसाठी बियाणे एकरी 50 किलो करावे आणि अंतर 18 सेंटिमीटरवर आणावे. कारण असे की गव्हाचे फुटवे, म्हणजे रोपाच्या बुडातून निघणाऱ्या जादा काड्या, थंडीत येतात, आणि आपल्याकडे थंडी मुळातच थोडी. उशिरा पेरलेल्या रोपाला फुटण्यास दिवस कमी मिळतात आणि दाणा भरण्याच्या वेळी ऊन तापू लागते, त्यामुळे फुटव्यांची उणीव रोपांच्या संख्येने भरून काढावी लागते.

वेळेवरच्या पेरणीत मात्र जास्तीचे बियाणे टाकणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी सवय आहे. दाट पिकात ओंब्या दिसायला पुष्कळ असतात, पण रोपे एकमेकांना सावली करतात, काड्या बारीक राहतात, ओंबीतले दाणे घटतात आणि शेवटच्या पाण्याला वारा सुटला की पीक लोळते. फार विरळ पेरले तर उघड्या जागेत तण माजते आणि काळ्या जमिनीतील ओल उन्हाने उडून जाते.

किलोचे माप तसे फसवे आहे. हजार दाण्यांचे वजन 40 ग्रॅम असेल तर 40 किलोत दहा लाख दाणे बसतात. दाणा टपोरा असेल तर तेवढ्याच वजनात ते कमी भरतात. म्हणून हजार दाणे मोजून त्यांचे वजन करावे आणि त्या प्रमाणात बियाणे कमी-जास्त करावे.

त्यानंतर पेरणी यंत्र तपासावे. समजा, यंत्राला 22.5 सेंटिमीटरवर नऊ फण, म्हणजे ओळ पाडून बियाणे सोडणारे दात, आहेत आणि चाकाचा घेर दीड मीटर आहे. चाक जमिनीपासून उचलून वीस फेरे फिरवावे आणि नळ्यांखाली पिशव्या बांधून पडलेले दाणे गोळा करावे. एकरी 40 किलोच्या हिशेबाने सुमारे 600 ग्रॅम बियाणे पडायला हवे. सर्व पिशव्या एकत्र तोलण्याआधी एकेक पिशवी वेगळी तोलावी, म्हणजे एखादी नळी अर्धवट तुंबलेली असेल तर ती इथेच सापडते; नाहीतर ती चूक पंधरा दिवसांनी रिकाम्या ओळीच्या रूपाने दिसते.

बियाणे 5 ते 6 सेंटिमीटर खोल, वाफशावर (जमीन ओलसर पण चिखल नसताना) आणि एकाच दिशेने पेरावे. उभी-आडवी पेरणी केल्यास ओळींमधले तण काढणारे कोळपे चालत नाही.

उगवणीनंतर दहा-बारा दिवसांनी एक मीटरची काठी ओळीलगत ठेवून शेतात पाच-सहा ठिकाणी रोपे मोजावीत. 22.5 सेंटिमीटर अंतरावर काठीभर 45 ते 50 रोपे असतील तर हेक्टरी 20 ते 22 लाखांची संख्या साधली असे समजावे. संख्या थोडी कमी भरली तरी मोडून पुन्हा पेरण्याची घाई करू नये. पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांचे पाणी, म्हणजे मुकुटमुळे (खोडाच्या बुडाशी येणारी मुळे) फुटतानाचे पाणी, चुकवले नाही तर वेळेवर पेरलेला गहू फुटव्यांनी बरीच जागा भरून काढतो.