शुद्ध पदार्थ की मिश्रण? या चुका टाळा

या प्रकरणात मुलं अडखळतात ती बहुतेकदा डोळ्यांवर विसंबल्यामुळे. एकसारखं दिसतं म्हणजे शुद्ध, असं धरून पितळ, हवा, मिठाचं पाणी सगळं एकाच रांगेत बसवतात. पितळात तांबं आणि जस्त असतं. त्यांचं प्रमाण कमीजास्त केलं तरी ते पितळच राहतं, म्हणून मिश्रण. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन वस्तुमानाने १:८ असेच असतात. तेच १:१६ झाले की पाणी नव्हे, हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. दूध भेसळ नसलेलं असलं तरी मिश्रणच. उलट बर्फ घातलेलं पाणी मिश्रण नाही, पदार्थ एकच आहे.

लोहकीस आणि गंधकाचं मिश्रण तापवून आयर्न सल्फाइड हे संयुग बनवण्याच्या प्रयोगात तर हमखास गोंधळ होतो. मिश्रणातलं लोखंड चुंबकाला चिकटतं, संयुग चिकटायला नको. पण तक्रार येते, ‘सर, तापवलं तरी चुंबकाला चिकटतंय!’ बहुधा मापच चुकलेलं असतं. ७ ग्रॅम लोहकिसाला ४ ग्रॅम गंधक लागतं. अंदाजाने चमचाभर टाकलं की लोखंड उरतं आणि तेच चुंबकाकडे धावतं. गंधक किंचित जास्तच घ्यावं. दुसरं कारण घाई. गंधक वितळलं की बर्नर बंद करणारे पुष्कळ. नळीच्या तळाशी लालभडक ठिपका दिसेपर्यंत थांबा. मग बर्नर बाजूला केला तरी ती धग आपोआप पसरत जाते. गार झाल्यावर काळा खडा कुटून मगच चुंबक फिरवा, तोही कागदात गुंडाळून, नाहीतर कीस काढता काढता तास संपेल.

मिश्रण आणि संयुग यांतला फरक आम्ल टाकूनही कळतो, पण ही परीक्षा शिक्षकांसमोर, खिडक्या उघडून, एकदोन थेंबांतच करावी. नुसत्या मिश्रणातून हायड्रोजन निघतो. आयर्न सल्फाइडमधून सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि तो विषारी असतो.

उत्कलनबिंदूवरून ओळखताना ‘१०० अंश आले नाहीत, म्हणजे पाणी अशुद्ध’ असं लिहू नका. महाबळेश्वरच्या उंचीवर ऊर्ध्वपातित पाणीही ९५-९६ अंश सेल्सिअसलाच उकळतं. पाहायचं ते पारा स्थिर राहतो का. मिठाचं पाणी आटत जातं तसा पारा हळूहळू चढतो. ऊर्ध्वपातित पाण्यातही चढताना दिसला, तर तापमापीचा फुगा चंचुपात्राच्या तळाला टेकलाय का ते आधी बघा.