रिकामी जागा दिसली की आधी भिंग, मग मीटर

परवा दुकानात ३२ इंची एलईडी टीव्ही आला. लाल लाइट लागायची, विझायची, परत लागायची. मागच्या झाकणाचे दोन स्क्रू आधीच गायब होते, म्हणजे कुणाचा तरी हात फिरून गेलेला. माझ्याकडे शिकायला येणारा पोरगा पॉवर सप्लायच्या पाठीवर बोट ठेवून म्हणाला, "ताई, इथले तीन रेझिस्टन्स उडालेत." जागा तीन रिकाम्या होत्या खऱ्या, पण त्यातला गेलेला एकच होता.

तपासायला हात लावण्याआधी प्लग काढा आणि मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज उतरवा. २३० व्होल्टची लाइन डीसी झाली की त्याच्यावर सुमारे ३२५ व्होल्ट बसतात आणि प्लग काढल्यावरही राहू शकतात. मी होल्डरमधला साधा बल्ब लावून उतरवते आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय बोट टेकवत नाही.

आता भिंग घ्या आणि टॉर्च आडवी धरा. एकच बोर्ड कंपनी चार मॉडेलना वापरते, त्यामुळे काही जागा जन्मापासून रिकाम्या असतात. तिथलं सोल्डर गुळगुळीत, चकचकीत, सारख्या उंचीचं दिसतं. भाग निघालेला असेल तर सोल्डर खरखरीत असतं, एका बाजूला ओढलेलं असतं, कधी पॅडच (भाग बसायची तांब्याची जागा) उचललेला असतो. खालच्या बाजूच्या भागांना कारखान्यात लाल गोंदाचा ठिपका लावतात. नुसता ठिपका गोल, फुगीर असतो. वर भाग बसून गेला असेल तर त्याचा माथा चपटा होतो. आमच्या बोर्डावर दोन ठिपके फुगीर होते. तिसरा चपटा, त्याच्या कडेला जळक्या फ्लक्सचा (सोल्डरबरोबर लागणाऱ्या चिकट पदार्थाचा) तपकिरी डाग, आणि शेजारी छापलेलं 'आर १८'.

छापलेलं अक्षर पहिली ओळख देतं: आर म्हणजे रेझिस्टन्स, सी कॅपॅसिटर, डी डायोड, झेडडी झेनर, क्यू ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेट, एफ फ्यूज. साइज पॅडवरून कळते; इथे साधारण २ मिलिमीटर लांब, म्हणजे ०८०५ नावाचं माप. किंमत, म्हणजे तो किती ओहमचा, हे मात्र अक्षर सांगत नाही, ती सर्किटला विचारावी लागते.

मीटर बीपवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो) ठेवून पॅडची दोन्ही टोकं कुठे जातात ते शोधलं आणि कागदावर काढलं. एक टोक थेट १२ व्होल्टच्या आउटपुटला. दुसरं टोक टीएल ४३१ च्या (आउटपुटच्या व्होल्टेजवर नजर ठेवणारी तीन पायांची चिप) रेफरन्स पायाला, आणि त्याच पायावरून आर १९ ग्राउंडला. टीएल ४३१ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून रेफरन्स, अॅनोड, कॅथोड. एवढं सापडलं आणि मला फार बरं वाटलं, कारण ही दोन रेझिस्टन्सची जोडी स्वतःची किंमत स्वतःच सांगते. टीएल ४३१ रेफरन्सवर २.५ व्होल्ट धरून ठेवतो. वरचा रेझिस्टन्स नसेल तर त्याला आउटपुट दिसतच नाही, ऑप्टोकपलर (आउटपुटची खबर उजेडाने लाइन बाजूला पोचवणारा भाग) गप्प राहतो, व्होल्टेज वर चढतं, प्रोटेक्शन बंद करतं, परत चालू. लाल लाइटची उघडझाप तीच. खालचा गेला असता तर उलट व्होल्टेज उठलंच नसतं.

आर १९ वर १०३ लिहिलेलं, मीटरवर ९.९ किलोओहम. म्हणजे १० धरा. १२ भागिले २.५, झाले ४.८. त्यातून १ वजा, ३.८. गुणिले १०, म्हणजे ३८ किलोओहम. जवळची बाजारात सहज मिळणारी किंमत ३९.

तरी मी ३९ एकदम लावत नाही. आधी ३३ लावला, कारण वरचा रेझिस्टन्स कमी असेल तर आउटपुट कमी येतं आणि काही फुटत नाही. मेन बोर्डाचा कनेक्टर काढलेला, लोड म्हणून गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा दिवा, आणि लाइन सिरीज बल्बमधून (वाटेत बसवलेला बल्ब, काही शॉर्ट असेल तर करंट अडवतो). हिशेबाने १०.७५ यायला हवे होते, आले १०.७. मग ३९ सोल्डर केला: १२.२. आउटपुटच्या १६ व्होल्टवाल्या कॅपॅसिटरांपैकी एकाचं डोकं फुगलं होतं, इतक्या वेळा व्होल्टेज चढल्यावर फुगणारच. तोही बदलला.

कॅपॅसिटर हरवला असेल तर काम अवघड. चिप सिरॅमिकवर (बोर्डावरच्या बारक्या कॅपॅसिटरवर) काही लिहिलेलं नसतं. आयसीच्या सप्लाय पायाला चिकटून ग्राउंडला जाणारा असेल तर ०.१ मायक्रोफॅरॅड बहुतेक ठिकाणी चालतो. फीडबॅकमधला (आउटपुटची खबर परत नेणाऱ्या वाटेवरचा) किंवा क्रिस्टलजवळचा (आयसीला ठोके देणाऱ्या भागाजवळचा) असेल तर अंदाज करू नका. तसाच चालू बोर्ड मिळवा, त्यावरचा काढून मोजा. आणि लाइन बाजू ते आउटपुट बाजू जोडणारा निळा कॅपॅसिटर गेला असेल तर तिथे वाय क्लासचाच (अशा जागेसाठी सुरक्षित बनवलेला) लावा. साधा लावलात आणि तो शॉर्ट झाला तर टीव्हीच्या अँटेना सॉकेटवर लाइन येईल, आणि तिथे कुणाच्या तरी घरातलं माणूस हात लावणार आहे.

टीव्ही दुपारभर चालवून बघितला. संध्याकाळी टीव्हीवाले काका घेऊन गेले. उरलेल्या दोन जागा रिकाम्याच आहेत, आणि आर १८ शेजारी मी मार्करने '३९ के' लिहून ठेवलंय, पुढे उघडेल त्याच्यासाठी.