हेवी ड्यूटी पॉवर व्हीलचेअर मेडिकेअरकडून मंजूर कशी करून घ्यावी

अमेरिकेत आई-वडिलांसाठी पॉवर व्हीलचेअर, म्हणजे बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची, मागायची म्हटली की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘डॉक्टरांकडून एक सणसणीत पत्र घ्या.’ व्हीलचेअर पुरवठादाराकडे बिलिंगचे काम करताना मी अशी पत्रे ढिगाने पाहिली आहेत. पत्र कितीही कळवळून लिहिलेले असो, मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा अमेरिकेचा सरकारी आरोग्यविमा, त्याला वैद्यकीय नोंद मानत नाही. पुरवठादाराने छापून दिलेल्या आणि डॉक्टरांनी नुसती सही ठोकलेल्या फॉर्मचीही तीच गत होते. तेव्हा पत्राच्या मागे लागू नये.

रुग्णाकडे पार्ट बी, म्हणजे डॉक्टर आणि उपकरणांचा खर्च पाहणारा मेडिकेअरचा भाग, आहे, असे येथे गृहीत धरले आहे. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे खासगी विमा कंपनीमार्फत घेतलेली मेडिकेअर, असल्यास त्या कंपनीचे पूर्वमंजुरीचे नियम आणि तिच्या नेटवर्कमधले पुरवठादार आधी विचारून घ्यावेत.

प्रथम वजन. ३०१ ते ४५० पौंड क्षमतेच्या खुर्चीला हेवी ड्यूटी, ४५१ ते ६०० क्षमतेच्या खुर्चीला व्हेरी हेवी ड्यूटी आणि त्यापुढच्या खुर्चीला एक्स्ट्रा हेवी ड्यूटी म्हणतात. मात्र रुग्णाचे वजन ३०१ पौंड भरलेच पाहिजे असे नाही. २८५ पौंडांपासून, म्हणजे सुमारे १२९ किलोंपासून, हेवी ड्यूटी मिळू शकते, तर पुढच्या दोन वर्गांची सुरुवात ४२८ आणि ५७० पौंडांपासून होते. दवाखान्यातला काटा एवढे वजन घेत नसेल, तर जिथे तसा काटा आहे तिथे जाऊन वजन करावे आणि ते नोंदीत लिहून घ्यावे.

आता खरी अडचणीची पायरी: डॉक्टरांची प्रत्यक्ष भेट. ती ऑर्डरच्या आधीच्या ६ महिन्यांत झालेली असावी लागते आणि त्या दिवशी डॉक्टर जे टंकतात त्यावरच पुढचे सगळे ठरते. माझी सुरुवातीची एक फाइल याच पायरीवर परत आली. गुडघे आणि हृदय दोन्ही निकामी झालेल्या बाईंच्या नोंदीत लिहिले होते, ‘बाजारात व देवळात जाता येत नाही, धाप लागते.’ यातला शब्दन्‌शब्द खरा होता, पण मेडिकेअर फक्त घराच्या आतली हालचाल पाहते. शौचास जाणे, अंघोळ, कपडे घालणे, केस विंचरणे-दात घासणे आणि जेवण, ही कामे घरात जिथे नेहमी होतात तिथे वेळेत आणि सुरक्षितपणे पोहोचता येते का, एवढाच प्रश्न असतो. दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी लिहिले की पलंगापासून संडासापर्यंतचे १२ फूट वॉकर घेऊनही दोनदा थांबावे लागते आणि महिन्याभरात दोनदा पडणे झाले आहे. तीच बाई, तेच आजार, आणि फाइल मंजूर झाली.

स्वस्त साधने का चालत नाहीत, हेही त्याच नोंदीत क्रमाने यावे लागते: काठी किंवा वॉकर का नाही, हाताने ढकलायची व्हीलचेअर का नाही, रुग्णांसाठीची बॅटरीवरची स्कूटर का नाही. ‘हात अशक्त आहेत’ एवढे पुरत नाही. ताकदीची श्रेणी, सांध्यांची हालचाल आणि वेदना आकड्यांत हव्यात. हे मोजमाप फिजिओथेरपिस्टने केले तरी चालते, परंतु त्याचा पुरवठादाराशी आर्थिक संबंध नसावा आणि डॉक्टरांनी तो अहवाल मान्य असल्याचे लिहून तारखेसह सही करावी.

आपल्या माणसांबद्दल एक इशारा. डॉक्टरांनी ‘कसं काय?’ विचारले की आपले वडील ‘तसं बरं चाललंय’ म्हणतात आणि नोंदीत तेच जाते. भीडेपोटी उच्चारलेल्या या वाक्याने जेवढ्या फाइली बुडाल्या, तेवढ्या कोणत्याही नियमाने बुडाल्या नसतील. आदल्या आठवड्यातले पडणे, थांबणे आणि कपड्यांतच झालेली लघवी तारखेनिशी कागदावर लिहून न्यावी, आणि निघण्यापूर्वी नोंद मागून वाचावी.

पुढचे सोपे आहे. पुरवठादार घराची पाहणी करतो. हेवी ड्यूटी खुर्ची रुंद असल्याने न्हाणीघराच्या दाराचे माप स्वतः टेपने घ्यावे. लेखी ऑर्डर आणि पूर्वमंजुरी हाती येण्याआधी खुर्ची घरात घेऊ नये, कारण १ सप्टेंबर २०१८ पासून के०८२४ आणि के०८२५ हे हेवी ड्यूटी खुर्च्यांचे बिलिंगचे कोडही सक्तीच्या पूर्वमंजुरीत आहेत. नकार आला तर घाबरू नये. त्रुटी दुरुस्त करून अर्ज कितीही वेळा पुन्हा देता येतो. अपील मात्र क्लेम, म्हणजे खुर्ची दिल्यानंतर पुरवठादाराने मेडिकेअरकडे पाठवलेले बिल, नाकारला गेल्यावरच करता येते आणि त्याला १२० दिवसांची मुदत असते.

पैशांचे गणित असे आहे: या कोडच्या खुर्च्या, म्हणजे मेडिकेअरच्या प्रतवारीतल्या ग्रुप २ मधल्या, १३ महिने भाड्याने मिळतात. पहिले ३ महिने मेडिकेअरने धरलेल्या खरेदी किमतीच्या १५ टक्के आणि पुढचे १० महिने ६ टक्के भाडे लागते. वार्षिक डिडक्टिबल, म्हणजे रुग्णाने आधी स्वतः भरायची रक्कम, जी २०२५ मध्ये २५७ डॉलर होती, भरून झाल्यावर त्या भाड्याचे २० टक्के रुग्णाकडे येतात. मज्जासंस्थेचा किंवा स्नायूंचा आजार, अथवा हाडांचे जन्मजात व्यंग असेल तर ग्रुप ३ची खुर्ची मागता येते आणि ती एकरकमी विकतही घेता येते, मात्र तिच्यासाठी थेरपिस्टचे विशेष मूल्यमापन लागते. भाड्याच्या खुर्चीची मालकी १३ महिन्यांनंतर रुग्णाकडे जाते. चौदाव्या महिन्याचे भाड्याचे बिल आले, तर ते भरण्याआधी पुरवठादाराला जाब विचारावा.